मधले अक्षर आणि किनाऱ्यावरचे इंग्रजी शब्द

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईहून अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धनकडे निघालेल्या एसटीत भेंड्यांचा खेळ रंगला नाही, असे एकेकाळी क्वचितच घडत असे. एका गटाचे गाणे संपले की त्याचे शेवटचे अक्षर दुसऱ्या गटाच्या वाट्याला येई आणि त्याच अक्षरापासून नवे गाणे सुरू करावे लागे. 'ळ' किंवा 'ण' आला की हमखास वाद होई. या अक्षरांनी सुरू होणारी गाणी आणायची कोठून? मग 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' करून तडजोड निघे. खेळ साधा, पण त्याचे मर्म पक्के होते. गाणी कितीही पाठ असोत, नेमून दिलेले अक्षर साधले नाही तर त्यांचा काही उपयोग नाही.

इंग्रजीतील अनेक शब्दखेळांचे मर्मही हेच आहे. ठरावीक अक्षरे हाती द्यायची, त्यांपैकी एखादे सक्तीचे करायचे आणि शब्द शोधायला लावायचे, अशी त्यांची रचना असते. मोबाइल फोनमुळे हे खेळ आता कोकणातल्या लहान गावांतही पोहोचले आहेत. मात्र 'हे इंग्रजीचे काम, आपले नव्हे' असे म्हणून मराठी शाळेत शिकलेली मुले त्यांच्यापासून दूर राहतात. या खेळांना लागणारा शब्दसंग्रह नेमका कसा असतो हे पाहिले, तर ही भीती बरीचशी अनाठायी असल्याचे लक्षात येते. त्यातले कित्येक शब्द या किनाऱ्यावरच्या बंदरांतून आणि वाड्यांतूनच इंग्रजीत गेलेले आहेत.

खेळाचे नियम

सक्तीच्या अक्षराचा सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे 'न्यूयॉर्क टाइम्स' या अमेरिकी दैनिकातील 'स्पेलिंग बी'. छापील अंकात तो २०१५ मध्ये सुरू झाला आणि २०१८ पासून संगणकावर व फोनवर खेळता येऊ लागला. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सात षट्कोनांत सात अक्षरे मांडलेली असतात. मधले अक्षर प्रत्येक शब्दात आलेच पाहिजे. शब्द किमान चार अक्षरांचा हवा, एकच अक्षर पुन्हा पुन्हा वापरता येते आणि विशेषनामे चालत नाहीत. चार अक्षरी शब्दाला एक गुण मिळतो. त्याहून मोठ्या शब्दाला जितकी अक्षरे तितके गुण मिळतात. सातही अक्षरे वापरणाऱ्या शब्दाला 'पॅनग्रॅम' म्हणतात व त्याला सात गुण जादा मिळतात. 'एस' हे अक्षर या खेळात सहसा देत नाहीत, कारण ते दिले की प्रत्येक नामाचे अनेकवचन करून गुणांची रास लावता येते.

'स्क्रॅबल' हा याहून जुना खेळ. आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाने तो १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात रचला आणि १९४८ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. कोणती अक्षरे किती ठेवायची हे ठरवण्यासाठी बट्स यांनी वृत्तपत्राच्या पानांवरील अक्षरे मोजली होती. शंभर सोंगट्यांत 'ई' बारा आहेत, 'एम' दोन आणि 'क्यू' अवघा एक. जे अक्षर दुर्मिळ त्याला गुण अधिक. येथेही सक्ती असतेच. मंडळावर आधी मांडलेल्या शब्दातील एखादे अक्षर धरूनच पुढचा शब्द रचावा लागतो.

एक कोडे सोडवून पाहू

सात अक्षरे अशी घेऊ : ए, पी, आर, आय, ओ, टी आणि मध्यभागी सी. प्रत्येक शब्दात सी आला पाहिजे. 'पोर्ट' म्हणजे बंदर हा शब्द चटकन सुचतो, पण त्यात सी नाही, म्हणून तो बाद. 'पॅरट'ही त्याच कारणाने बाद. आता सी धरून शोधले तर 'अ‍ॅक्टर', 'टॉपिक', 'कॅरट' असे शाळेत शिकलेले शब्द मिळतात. त्यापुढे बहुतेकांची गाडी अडते.

येथे श्रीवर्धन किंवा दिवेआगरच्या वाडीतला मुलगा दोन शब्द सहज जोडू शकतो, फक्त ते आपल्याला ठाऊक आहेत हे त्याला माहीत नसते. पहिला 'कॉयर' : सी-ओ-आय-आर, म्हणजे नारळाच्या सोडणापासून निघणारा काथ्या. दुसरा 'कोप्रा' : सी-ओ-पी-आर-ए, म्हणजे सुके खोबरे. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला पाच. कोप्राला टी जोडून अक्षरांची उलटापालट केली की 'कॅप्टर' म्हणजे पकडणारा हा सहा अक्षरी शब्द तयार होतो. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून बनतो त्याच्या पिठाला इंग्रजीत 'टॅपिओका' म्हणतात. तोही याच अक्षरांत बसतो. आणि सातही अक्षरे वापरणारा शब्द आहे 'अ‍ॅप्रिकॉट', म्हणजे जर्दाळू. त्याचे सात आणि सात मिळून चौदा गुण होतात.

या शब्दांचे मूळ पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कॉयर मल्याळममधील 'कयर' या शब्दावरून आला. कोप्रा 'कोप्पर' या मल्याळम शब्दावरून पोर्तुगीजांमार्फत आला. टॅपिओका दक्षिण अमेरिकेतील तुपी भाषेतून, तोही पोर्तुगीजांमार्फतच. म्हणजे जे शब्द कठीण इंग्रजी वाटतात, ते इंग्रजांनाही परकेच होते. जहाजांवर माल चढला, त्याबरोबर मालाची नावेही चढली.

बोंबील ते बमलो

रायगडचा किनारा या देवघेवीच्या वाटेवरच होता. चौल हे प्राचीन बंदर. सोळाव्या शतकात तेथे पोर्तुगीजांनी जम बसवला आणि १७४० मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांकडे येईपर्यंत ते तेथे राहिले. कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. मराठीने पोर्तुगीजांकडून बटाटा, अननस, काजू, पाव, चावी असे शब्द घेतले. यांपैकी 'बटाटा' आणि 'अननस' हे दोन शब्द 'बी-ए-टी-ए-टी-ए' व 'ए-एन-ए-एन-ए-एस' अशा स्पेलिंगने इंग्रजी कोशांतही आहेत.

मराठीतून थेट गेलेल्या शब्दांत सर्वांत चविष्ट शब्द बोंबलाचा आहे. इंग्रजी कोशांत 'बमलो' हा शब्द असून तो मराठी 'बोंबील'वरून आल्याची नोंद आढळते. त्याचे स्पेलिंग बी-यू-एम-एम-ए-एल-ओ. याच माशाचे 'बॉम्बे डक' हे नाव जगात अधिक प्रसिद्ध असले तरी शब्दखेळात ते चालत नाही, कारण त्यात दोन शब्द आहेत आणि एक स्थळनाम आहे. 'बमलो' मात्र चालतो. स्क्रॅबलमध्ये त्याचे मूळ गुण तेरा होतात. हातातील सातही सोंगट्या एकदम लावल्याबद्दल पन्नास गुण जादा, म्हणजे एकूण त्रेसष्ट. मंडळावरील रंगीत चौकोनांमुळे वाढणारे गुण निराळेच. अट एवढीच की, खेळातले दोन्ही 'एम' हाती यायला हवेत. वरसोली किंवा मुरूडच्या किनाऱ्यावर काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांची ओळ पाहून असा हिशेब कोणाच्या मनात येत नसेल, पण तो खरा आहे.

गलबतांचेही तसेच. कुलाबा किल्ल्यातून आरमार चालवणारे सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांच्या आरमारातील गुराबा आणि गलबते यांचा धसका ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत जागोजागी दिसतो. या कागदपत्रांत गुराबेचे 'ग्रॅब' आणि गलबताचे 'गॅलिव्हॅट' झाले. गुराब हा शब्द मुळात अरबी असून त्याचा अर्थ कावळा. गॅलिव्हॅटचे नाते पोर्तुगीज 'गालेओता' या शब्दाशीही जोडले जाते. कोणाचा शब्द कोणी आधी घेतला हा वाद अभ्यासकांचा, पण गॅलिव्हॅट हा शब्द इंग्रजी खेळाच्या यादीत आहे. मालवाहू फत्तेमारी 'पॅटामार' बनून त्याच यादीत जाऊन बसली. १८८६ मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला. या नौकांची आणि बोंबलाची नोंद त्यात सविस्तर केलेली आहे.

मुंगसाचे 'मंगूस' झाले हे अनेकांना ठाऊक असते. 'टँक' हा शब्द मात्र धक्का देतो. पाणी साठवण्याच्या जागेला मराठीत टाके म्हणतात. रायगडापासून कुलाब्यापर्यंत प्रत्येक किल्ल्यावर ती असतात. गुजराती व मराठीतील या शब्दावरून इंग्रजी 'टँक' आला आणि पोर्तुगीज 'टांके'चाही त्यावर परिणाम झाला, असे कोशकार सांगतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. सुपारीच्या झाडाचे इंग्रजी नाव 'अरेका' दक्षिणेतील 'अडक्का'वरून पोर्तुगीजांमार्फत आले. ए-आर-ई-सी-ए या पाच अक्षरांत तीन स्वर असल्याने हातात स्वरच स्वर आले की हा शब्द खेळाडूला तारतो. त्याला एन जोडला की 'आर्केन' म्हणजे गूढ आणि डी जोडला की 'आर्केड' म्हणजे कमानींची ओळ. आंब्याच्या 'मँगो'ची पाच अक्षरे उलटसुलट केली की 'अमंग' म्हणजे 'मध्ये' हा शब्द हाती येतो.

कानाची मदत, कानाचा दगा

शब्द सुटे पाठ करण्यापेक्षा त्यांची घराणी ओळखणे अधिक उपयोगी ठरते. मराठी माणसाला यात एक जन्मजात सोय आहे. 'घ', 'ध', 'भ', 'ख' हे उच्चार त्याला वेगळे शिकावे लागत नाहीत. इंग्रजी शब्दाच्या आरंभी जी-एच, डी-एच, बी-एच किंवा के-एच अशी जोडी आली, तर तो शब्द बहुधा बाहेरून आलेला असतो. 'घोस्ट'सारखे काही अपवाद सोडले तर या जोड्यांत घाट, घी, धोतीपासून भजी, भांग, खाकी, खादीपर्यंतचे शब्द सापडतात. हातात एच आणि जी असूनही इंग्रज खेळाडू चाचपडत असताना सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला 'घाट' आठवायला वेळ लागू नये.

'क्यू'चेही असेच आहे. इंग्रजीत क्यूच्या मागोमाग यू येतो, हे शाळेत शिकवले जाते. यू हाती नसला की दहा गुणांचा क्यू गळ्यात पडतो. अशा वेळी 'फकीर', 'बुरखा', 'तलाक', 'कव्वाली' हे शब्द क्यूने लिहिता येतात आणि त्यांत यूची गरज क्यूच्या मागे पडत नाही. जीवनशक्ती या अर्थाचा 'ची' हा चिनी शब्दही क्यू-आय अशा दोनच अक्षरांत लिहितात. अमेरिकेच्या अधिकृत यादीत तो २००६ मध्ये आला आणि खेळाची रीतच बदलली. अशा दोन अक्षरी शब्दांची संख्या शंभराहून अधिक आहे. स्क्रॅबलचे जाणकार नव्या खेळाडूला आधी तेच पाठ करायला सांगतात.

पण हाच कान दगाही देतो. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांची जोडी घट्ट असते. मराठी शब्दकोड्यात एका चौकोनात 'का' किंवा 'र्म' असे पूर्ण अक्षर लिहितात. इंग्रजी खेळात मोजदाद उच्चाराची नसून चिन्हांची असते. कॉयरमधील 'क' सी आहे, टँकमधील के, फकिरातील क्यू. उच्चार ऐकून कोडे सोडवू पाहणारा विद्यार्थी येथे फसतो आणि आपल्याला इंग्रजी येत नाही असा चुकीचा निष्कर्ष काढतो. त्याला शब्द येत असतो, येत नसते ते त्याचे स्पेलिंग. त्यावर उपाय म्हणजे ओळखीच्या शब्दाचे स्पेलिंग डोळ्यांनी पाहून ठेवणे. कधी कधी तर एकाच शब्दाची अनेक स्पेलिंगे मान्य असतात. 'डाळ' हा शब्द कॉलिन्सच्या यादीत अनेक तऱ्हांनी लिहिलेला आढळतो.

पंच कोण?

शब्द मान्य की अमान्य हे ठरवणारा पंच म्हणजे कोश, आणि सर्वांचा कोश एक नाही. भारतात व जगातील बहुतेक देशांत स्क्रॅबलच्या स्पर्धा कॉलिन्सच्या यादीनुसार होतात. तिच्यात सुमारे दोन लाख ऐंशी हजार शब्द आहेत. अमेरिकेतील यादी वेगळी आणि लहान आहे. 'स्पेलिंग बी'त तर सर्वसामान्य वाचकाला ठाऊक असतील असे वाटणारेच शब्द संपादक ठेवतात. त्यामुळे एका खेळात त्रेसष्ट गुण मिळवून देणारा 'बमलो' दुसऱ्या खेळात नाकारला जाऊ शकतो. 'सर्वसामान्य वाचक' म्हणजे कोठला, न्यूयॉर्कचा की न्हावा-शेव्याचा, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक नाही. आपल्या घरातला शब्द यंत्राने 'असा शब्द नाही' म्हणून परत पाठवला, तर दोष आपल्या ज्ञानाचा नसून यादीच्या मर्यादेचा असू शकतो, हे मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

केवळ पाठांतराच्या बळावरही हा खेळ जिंकता येतो, हे मान्य केले पाहिजे. २००७ मध्ये स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, तेव्हा न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स विजेते ठरले. याच रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतील आणि २०२४ मध्ये स्पॅनिश भाषेतील जागतिक स्पर्धा जिंकली. शब्दांचे अर्थ न जाणता केवळ अक्षरांचे क्रम स्मरणात ठेवण्याची ही किमया अलौकिक आहे, पण ती लाखांत एखाद्याला साधते. इतरांसाठी अर्थ हाच स्मरणाचा आधार असतो. पाहिलेली, हाताळलेली, खाल्लेली वस्तू आणि तिचे नाव विसरले जात नाही.

वहीतले इंग्रजी

येथे प्रश्न केवळ खेळातल्या गुणांचा नाही. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून उरण-पनवेलच्या बाजूला मालाची कागदपत्रे, गोदामे आणि वाहतूक यांतील कामे वाढली. अलिबाग-मुरूडकडे पर्यटन वाढले. या सर्व ठिकाणी इंग्रजीची अडचण अनेक हुशार मुलांना मागे खेचते. ती शब्दांच्या अभावाइतकीच संकोचाची असते. इंग्रजी ही दुसऱ्याची मालमत्ता असून आपण तिच्या दारात उभे आहोत, ही भावना त्या संकोचामागे असते.

सक्तीच्या अक्षराचा खेळ हा संकोच थोडा कमी करू शकतो. त्यासाठी महागडे साधन लागत नाही. वर्गातल्या फळ्यावर सात अक्षरे लिहून मधल्या अक्षराभोवती वर्तुळ काढले तरी पुरते. एका वहीत आपल्या परिसरातील वस्तूंची इंग्रजी नावे, त्यांची स्पेलिंगे आणि ती कोठून आली हे लिहीत गेले, तर वर्षभरात नारळ, सुपारी, मासे, होड्या, किल्ले आणि स्वयंपाकघर यांतूनच चांगला संग्रह उभा राहतो. ज्या भाषेच्या कोशात बोंबील, मुंगूस आणि टाके आधीच जाऊन बसले आहेत, ती भाषा किनाऱ्यावरच्या मुलांना सर्वस्वी परकी मानण्याचे कारण नाही.

भेंड्यांच्या खेळात 'ळ' आला म्हणून कोणी खेळ सोडून उठत नसे. तडजोड काढून पुढचे गाणे सुरू होई. मधल्या षट्कोनात सी आला किंवा हाती क्यू आला, तरी तसेच करायचे. आधी आपल्या घरात, मग वाडीत आणि मग बंदरावर तो शब्द शोधायचा. पुष्कळदा तो तेथेच सापडतो.